नाफ्प्लिओचे तीन किल्ले: कुठून सुरुवात करायची, काय बघायचं, काय सोडायचं

ग्रीसला जाणारी आपली बहुतेक मंडळी अथेन्स, सांतोरिनी आणि जमलं तर मिकोनोस एवढं उरकून परत येतात. ग्रीसच्या दक्षिणेकडच्या पेलोपोनीस द्वीपकल्पाच्या पूर्व किनाऱ्यावरचं नाफ्प्लिओ त्या यादीत क्वचितच असतं. तुम्हाला किल्ल्यांची थोडीफार जरी आवड असेल, तर बेटांवरचे दोन दिवस कापून ते इथे लावा, असं माझं स्पष्ट मत आहे. एकाच बंदराच्या राखणीसाठी बांधलेले तीन किल्ले इथे चालत फिरण्याच्या टप्प्यात आहेत: एक डोक्यावर (पालामिदी), एक गावाच्या पाठीशी (आक्रोनाफ्प्लिया) आणि एक समुद्रात (बुर्त्झी). शिवाय हे गाव आधुनिक ग्रीसची पहिली राजधानी. 1834 मध्ये राजधानी अथेन्सला हलली आणि नाफ्प्लिओ मागे राहिलं. जुनं गाव इतकं शाबूत राहिलं, त्यामागे हेही एक कारण असावं.

हा लेख पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी आहे. दोन रात्रींचा मुक्काम धरलाय. अथेन्सहून सकाळी जाऊन रात्री परत येता येतं, पण मग पालामिदी भर उन्हात पदरी पडतो.

आधी एवढं डोक्यात ठेवा

किल्ल्यावर गेल्यावर ‘हे कोणी बांधलं’ हा प्रश्न पदोपदी पडतो, कारण गाव सतत हातोहात फिरलं. मुळात बायझंटाइन म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याचं. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रँक म्हणजे पश्चिम युरोपातून आलेल्या सरदारांनी घेतलं. चौदाव्या शतकाच्या अखेरीस ते व्हेनिसकडे आलं, तेही लढून नव्हे, विकत घेऊन. 1540 मध्ये उस्मानी तुर्कांनी जिंकलं. 1686 मध्ये व्हेनिसचा सेनापती फ्रांचेस्को मोरोसिनी याने परत मिळवलं. हा तोच मोरोसिनी, ज्याच्या तोफगोळ्यांनी पुढच्याच वर्षी अथेन्सचं पार्थेनॉन मंदिर उडवलं. 1694 मध्ये तो मेला तोही नाफ्प्लिओतच. 1715 मध्ये पुन्हा तुर्क आले आणि 1822 मध्ये ग्रीक क्रांतिकारकांनी गाव कायमचं ताब्यात घेतलं.

म्हणजे व्हेनिस दोनदा आणि तुर्क दोनदा. भिंतीवर पंखवाला सिंह दिसला की काम व्हेनिसचं. सेंट मार्कचा हा सिंह त्यांचं राजचिन्ह. एवढी एक खूण लक्षात ठेवली तर अर्धे फलक वाचायची गरज पडत नाही.

पोचायचं कसं, राहायचं कुठे

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो, हे सांगायला नकोच. अथेन्सहून नाफ्प्लिओ साधारण 140 किलोमीटर. केटीईएल या बससेवेच्या गाड्या अथेन्सच्या किफिसोस स्थानकातून सुटतात आणि दोन-अडीच तासांत पोचवतात. वाटेत कोरिंथची संयोगभूमी लागते. कालवा दिसतो तो क्षणभरच, तेव्हा कॅमेरा आधीच हातात घ्या. नाफ्प्लिओपर्यंत रेल्वे नाही. जुनं स्टेशन आहे, पण तिथून आता गाडी सुटत नाही.

मुक्काम जुन्या गावातच करा. गल्ल्या अरुंद आहेत, बऱ्याच ठिकाणी पायऱ्या आहेत आणि गाडी दारापर्यंत येत नाही. चाकांच्या मोठ्या बॅगेपेक्षा पाठीवरची सॅक बरी. शुक्रवार-शनिवारी अर्धं अथेन्स इथे लोटतं आणि खोल्यांचे भाव चढतात, म्हणून सोमवार ते गुरुवार गाठता आला तर उत्तम. एप्रिल-मे आणि सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर हे महिने चढाईला चांगले. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी बाहेर पडू नये. दुपारी दोन ते पाचच्या दरम्यान बरीच दुकानंही बंद असतात. गावच झोपलेलं असतं, तुम्हीही झोपा.

शाकाहारी असाल तर घाबरू नका. भात भरून भाजलेले टोमॅटो-ढोबळी मिरची म्हणजे ‘येमिस्ता’, फरसबीची टोमॅटोतली भाजी ‘फासोलाकिया’ आणि पालक-चीज भरलेली ‘स्पानाकोपिता’ जवळपास सगळीकडे मिळतात. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचे उपवासाचे दिवस बरेच असल्यामुळे ‘निस्तिसिमो’ म्हणजे उपवासाचं, असं विचारलं की बहुधा मांस आणि दुधाशिवायचं काहीतरी पुढे येतं. उपवासाला शिंपले-कोळंबी चालतात, तेवढं मात्र आधी विचारून घ्या.

पहिली संध्याकाळ: गाव आणि आक्रोनाफ्प्लिया

बसमधून उतरलात की जवळच ‘जमिनीकडचा दरवाजा’ आहे. 1708 च्या सुमाराचा, व्हेनिसच्या दुसऱ्या राजवटीतला, आता डागडुजी करून उभा केलेला. एकेकाळी जमिनीवरून गावात शिरायचा रस्ता हा एवढाच होता आणि तो रात्री बंद व्हायचा. इथूनच सुरुवात करा, म्हणजे हे गाव तटाच्या आतलं होतं हे पायांनाच कळतं.

तिथून सिंतागमा चौक. संगमरवरी फरसबंदीचा हा चौक पोरांच्या फुटबॉलला उत्तम, आणि संध्याकाळी तेच चाललेलं असतं. पश्चिमेची भक्कम इमारत म्हणजे 1713 मधलं व्हेनिसच्या आरमाराचं कोठार, आजचं पुरातत्त्व संग्रहालय. तिथे उद्या दुपारी जायचंय. चौकात आणि चौकालगत दोन जुन्या मशिदी आहेत. एकीचं पुढे सिनेमागृह झालं. दुसरी ‘वुलेफ्तिको’. क्रांतिकाळात ग्रीकांची पहिली संसद इथे भरली आणि 1834 मध्ये थिओदोरोस कोलोकोत्रोनिसवर राजद्रोहाचा खटलाही इथेच चालला.

हा कोलोकोत्रोनिस कोण, ते इथेच सांगून टाकतो, कारण गावात त्याचा घोड्यावरचा पुतळा आहे, उद्या वर त्याची कोठडीही दाखवतील. 1821 च्या स्वातंत्र्ययुद्धातला पेलोपोनीसचा सर्वांत मोठा सेनानी. देश स्वतंत्र झाला आणि राजा म्हणून जर्मनीतल्या बव्हेरियाचा राजपुत्र ओथॉन आला. तो वयात आलेला नव्हता, म्हणून कारभार बव्हेरियन मंडळींच्या हातात होता. त्यांनी या म्हाताऱ्याला फाशीची शिक्षा द्यायचं ठरवलं. पाच न्यायाधीशांपैकी दोघांनी, अनास्तासिओस पोलिझोइदिस आणि येओर्गिओस तेर्त्सेतिस यांनी, निकालावर सही करायला साफ नकार दिला. शेवटी शिक्षा कमी झाली आणि 1835 मध्ये माफीही मिळाली. त्या दोन न्यायाधीशांचे पुतळे आज नाफ्प्लिओच्या न्यायालयाबाहेर आहेत. कोर्टाच्या दारात बसवायला याहून योग्य पुतळे कुठले असणार!

चौकातून वर, दोन-तीन गल्ल्या ओलांडून, सेंट स्पिरिदोनचं चर्च. इतकं लहान, की शोधत आलेली माणसंही पुढे निघून जातात. 9 ऑक्टोबर 1831 रोजी सकाळी ग्रीसचे पहिले राष्ट्रप्रमुख इओआनिस कापोदिस्त्रियास प्रार्थनेला इथे आले आणि दारातच मारले गेले. मारेकरी मानी प्रांतातल्या मावरोमिखालिस घराण्याचे, चुलता-पुतण्या. घराण्याचा प्रमुख पेत्रोबेई याला कापोदिस्त्रियास यांनी कैदेत टाकलं होतं, त्याचा हा सूड. मारेकऱ्यांपैकी एक पेत्रोबेईचा भाऊ, दुसरा मुलगा. दाराच्या बाजूला भिंतीत काचेआड एक खळगा जपलाय, तो गोळीचा असं सांगतात. जेमतेम बोटाच्या पेराएवढा. मोठ्या स्मारकांपेक्षा तो खळगा जास्त वेळ डोळ्यांसमोर राहतो.

आता वर चढा. गावाच्या दक्षिणेची लांबट टेकडी म्हणजे आक्रोनाफ्प्लिया. पालामिदी बांधला जाण्यापूर्वी हाच किल्ला, आणि त्याहीआधी हेच गाव. तिकीट नाही, दरवाजा नाही, म्हणून पर्यटक याला दुय्यम समजतात. माझ्या मते तिघांत वाचायला सर्वांत गंमतीचा हाच. तटाच्या पायथ्याशी मोठे, वेडेवाकडे पण सांधे घट्ट बसवलेले दगड दिसतील, ते प्राचीन ग्रीक काळातले. त्यांच्यावर बायझंटाइन भर, त्यावर फ्रँकांची आणि मग व्हेनिसची. एकाच भिंतीत हे सगळे थर एकावर एक बसलेत. पश्चिमेकडून पूर्वेकडे ‘ग्रीकांचा किल्ला’, ‘फ्रँकांचा किल्ला’ आणि ‘कास्तेलो दि तोरो’ असे तीन भाग पडतात. पूर्व टोकाला 1706 चा ग्रिमानी बुरूज आहे.

वर गेल्यावर थोडी निराशाही होईल. विसाव्या शतकात इथे तुरुंग होता. मेताक्सास या ग्रीक हुकूमशहाच्या राजवटीत आणि त्यानंतर राजकीय कैदी, विशेषतः कम्युनिस्ट, इथे डांबले जात. तो तुरुंग पाडला आणि टेकडीवर सरकारी आशीर्वादाने काँक्रीटची हॉटेलं उभी राहिली. हे कोणाच्या डोक्यातून आलं ते देव जाणे. त्यांच्याकडे पाठ करून पश्चिम टोकाला बसा. समोर आर्गोलिक आखात, पलीकडे आर्काडियाचे डोंगर आणि त्यांच्याआड सूर्य. अंधार पडायच्या आत उतरा, वरच्या वाटांवर दिवे कमी आहेत.

दुसरी सकाळ: पालामिदी

नवखा माणूस इथेच चुकतो. नाश्ता वगैरे आटोपून अकराला पायऱ्यांशी येतो आणि अर्ध्या वाटेत बसकण मारतो. पायऱ्या उघड्या कड्यावरून वर जातात आणि सावली नावालाच आहे. किल्ल्याची उंची 216 मीटर. गावात कोणीही ‘999 पायऱ्या’ सांगेल. हजारावी कोलोकोत्रोनिसच्या घोड्याच्या टापेने फुटली, अशी दंतकथा आहे. मोजणारे साडेआठशे ते नऊशेच्या दरम्यान कुठेतरी थांबतात. रायगड पायी चढलेल्याला यात काही विशेष नाही, पण रायगडावर टाकं-झाड-ताकवाली असा आधार असतो, तसा इथे काहीच नाही. पाणी खालूनच घ्या.

दोन मार्ग आहेत. गुडघे शाबूत असतील तर किल्ला उघडायच्या अर्धा-पाऊण तास आधी चढायला लागा. नसतील तर टॅक्सीने मागच्या बाजूने थेट वरच्या दारापर्यंत जा आणि पायऱ्यांनी उतरा. ज्येष्ठ मंडळी सोबत असतील तर जाणं-येणं दोन्ही टॅक्सीनेच. उतरताना दगड गुळगुळीत लागतात, चपला-सँडल नकोत. तिकिटाचे दर आणि वेळा ऋतूप्रमाणे बदलतात. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत उघडा असतो, हिवाळ्यात दुपारीच बंद होतो. आदल्या दिवशी हॉटेलवर विचारून घ्या.

वर पोचल्यावर बहुतेक लोक बंदराचा फोटो काढतात आणि संपलं म्हणतात. असं करू नका. पालामिदीचं खरं अप्रूप त्याच्या आखणीत आहे. 1711 ते 1714 या अवघ्या तीनेक वर्षांत व्हेनिसने हा बांधला. हा एक सलग कोट नाही. आठ बुरूज आहेत आणि प्रत्येक बुरूज म्हणजे स्वतंत्र गढीच. त्याचा तट वेगळा, दार वेगळं, कोठार वेगळं. शत्रूने एक घेतला तरी उरलेल्यांनी लढत राहावं आणि वरच्याने खालच्यावर तोफा डागाव्यात, ही कल्पना. एका बुरुजातून दुसऱ्यात जाताना मागे वळून बघा: तुम्ही नुकतेच ज्या अंगणात उभे होतात ते पूर्णपणे पुढच्या तटाच्या माऱ्यात असतं.

आणि इतकं करूनही 1715 मध्ये, म्हणजे बांधकाम पुरं झाल्यावर वर्षभरात, काही दिवसांच्या वेढ्यात तुर्कांनी तो घेतला. दगड होते, पण त्यांवर उभी राहणारी शिबंदी अपुरी होती.

क्रम असा ठेवा. आधी सेंट अँड्र्यूचा बुरूज. हे किल्ल्याचं मुख्य ठाणं, किल्लेदाराचा मुक्काम इथे असे. आत छोटं चर्च आहे, कमानीखाली बसवलेलं. जवळच कोलोकोत्रोनिसची म्हणून दाखवतात ती कोठडी. दार इतकं बुटकं, की माणूस जवळजवळ रांगत आत जातो. मग एक अंधारी खोली, आणि पुढे आणखी लहान भोक. मोबाइलचा दिवा लावा आणि डोकं सांभाळा, बाहेर येताना हमखास आपटतं. त्याला नेमकं याच खोलीत ठेवलं होतं का, याबद्दल जाणकारांत दुमत आहे. पण आत मिनिटभर उभं राहिल्यावर प्रश्न जरा मागे पडतो.

तिथून मिल्तियादिस बुरूज. एकोणिसाव्या शतकात हा जन्मठेपेच्या आणि फाशीच्या कैद्यांचा तुरुंग होता. याची भीती गावात पिढ्यान्‌पिढ्या होती. पुढे लिओनिदास, एपामिनोंदास, थेमिस्तोक्लिस, फोकिओन. नावं प्राचीन ग्रीक वीरांची असली तरी ती क्रांतीनंतर दिलेली. फक्त रॉबर्ट हे नाव परकं, ग्रीकांच्या बाजूने लढलेल्या एका फ्रेंचाचं. वेळ कमी असेल तर यातले दोन-तीन वगळले तरी चालतील.

अखिलेस मात्र वगळू नका. त्या पुराणकथेतल्या वीराची टाच नाजूक होती, आणि इथेही तसंच आहे. या बुरुजाचा तट इतरांपेक्षा बुटका. 29 नोव्हेंबर 1822 च्या रात्री स्ताइकोस स्ताइकोपुलोसची माणसं शिड्या लावून नेमकी इथूनच वर चढली. बाहेर गावाला कित्येक महिन्यांचा वेढा होता. समुद्राकडून कोंडी करणाऱ्यांत लास्कारिना बुबुलिना ही बाईही होती, स्वतःची जहाजं घेऊन उतरलेली. आत तुर्की शिबंदी उपासमारीने खंगली होती. उजाडलं तो सेंट अँड्र्यूचा सण, आणि पालामिदी ग्रीकांच्या हातात. काही दिवसांत गावानेही शरणागती पत्करली. संध्याकाळी ज्या रस्त्यावर तुम्ही जेवायला जाल, खानावळींनी भरलेला, तो त्याच स्ताइकोपुलोसच्या नावाचा आहे.

टाक्याही बघा. पावसाचं पाणी अंगणांच्या उतारांवरून खाली जमिनीतल्या टाक्यांत जाईल अशी रचना आहे. डोंगरी किल्ले पाहिलेल्या मराठी माणसाची नजर आपसूक तिकडे जातेच. दोन तास पुरतात, तीन असतील तर चांगलं.

दुपार: संग्रहालय आणि एक विसरलेलं चर्च

सिंतागमा चौकातल्या संग्रहालयात एकाच वस्तूसाठी जावं: देंद्राचं चिलखत. 1960 मध्ये जवळच्या देंद्रा इथल्या थडग्यात सापडलेलं, इसवी सनपूर्व पंधराव्या शतकातलं, कांस्याच्या पत्र्यांचं सबंध चिलखत. गळ्यापासून मांड्यांपर्यंत एकाखाली एक कडी. सोबत रानडुकराच्या सुळ्यांचं शिरस्त्राण. हे घालून माणूस चालत कसा असेल, असं वाटतं खरं. संग्रहालयाचा साप्ताहिक सुट्टीचा दिवस आधी विचारून घ्या.

वेळ उरला तर वरच्या गल्लीतलं कॅथलिक चर्च गाठा. ही मूळ मशीद. राजा ओथॉनने ती कॅथलिकांना दिली. आत दाराशी एक लाकडी कमान आहे, तिच्यावर ग्रीकांच्या स्वातंत्र्यासाठी युरोपातून येऊन मेलेल्या स्वयंसेवकांची नावं. सहसा कोणी नसतं.

दुसरी संध्याकाळ: बुर्त्झी

बंदरातल्या खडकावरचा छोटा किल्ला, नाफ्प्लिओच्या प्रत्येक फोटोत असतो तो. 1473 च्या सुमारास व्हेनिसने बेर्गामोच्या आंतोनिओ गाम्बेल्लोकडून बांधून घेतला. किल्ल्यापासून किनाऱ्यापर्यंत जाड साखळी ओढून बंदराचं तोंड बंद करत, म्हणून इथल्या बंदराला ‘साखळीचं बंदर’ असंही नाव होतं. त्यानंतरचा त्याचा इतिहास जरा विचित्र आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पालामिदीवर फाशी दिली जाई, पण ती देणाऱ्या जल्लादाला गावात कोणी थारा देईना. म्हणून त्याला या खडकावर ठेवलं. पुढे विसाव्या शतकात त्याच ठिकाणी हॉटेल चालवलं गेलं! पाहुण्यांना हा इतिहास सांगत असत की नाही, कोण जाणे.

धक्क्यावरून छोट्या होड्या सुटतात, पाच-दहा मिनिटांचं अंतर. होडीवाल्याला आधी विचारा: किल्ला आतून उघडा आहे का, की नुसता फेरा मारायचाय? उतरता आलं नाही तरी हरकत नाही. खरं सांगायचं तर आत बघण्यासारखं फार नाही. होडीतून मागे वळून गावाकडे बघणं हाच मुद्दा. तिन्ही किल्ले तिथून एका नजरेत येतात आणि बंदरावर मारा कसा साधत असतील ते कळतं. समुद्र खवळलेला असेल तर होड्या बंद असतात.

परत आल्यावर धक्क्यावरून पश्चिमेला चालत जा. ‘पाच भाऊ’ नावाचा बुरूज लागतो, त्यावर व्हेनिसच्या पाच तोफा ओळीने मांडलेल्या आहेत. तोफांवर तोच सिंह. इथून पुढे टेकडीला वळसा घालून आरवानितियाच्या किनाऱ्यापर्यंत समुद्रालगतची पायवाट जाते. दरड कोसळण्याच्या भीतीने ती कधीकधी बंद ठेवतात. कुंपण दिसलं तर ओलांडू नका, कड्यावरचे दगड खरोखर सुटतात.

तिसरा दिवस, जाता जाता

सकाळी प्रोनिया या वस्तीत जा, जुन्या गावापासून पायी जाण्याच्या अंतरावर. तिथे कड्यात कोरलेला झोपलेला मोठा सिंह आहे. ओथॉनबरोबर आलेले बव्हेरियन सैनिक 1833-34 मध्ये साथीच्या तापाने मोठ्या संख्येने मेले. त्यांच्या स्मरणार्थ ओथॉनचा बाप, बव्हेरियाचा राजा लुडविग, याने हा कोरून घेतला. लढाईत नव्हे, तापाने गेलेल्या सैनिकांचं स्मारक जगात कमीच असेल. आजूबाजूला साधी बाग आहे, तिकीट नाही.

सामान हॉटेलवर ठेवून तिरिन्स गाठा, चारेक किलोमीटरवर, आर्गोसकडे जाणाऱ्या रस्त्यालगत. प्रचंड दगडांची, मायसिनी काळातली म्हणजे कांस्ययुगातली तटबंदी. इतके मोठे दगड माणसं उचलूच शकणार नाहीत म्हणून ते एकाक्ष राक्षसांचं काम, असं प्राचीन ग्रीकच मानत. मायसिनी हे प्राचीन शहर आणि तिरिन्स दोन्ही 1999 पासून जागतिक वारसा यादीत आहेत, पण गर्दी सगळी मायसिनीला. एकाच दिवसात दोन्ही करायची असतील तर मायसिनी सकाळी उघडताच आणि तिरिन्स परतताना. गाडी भाड्याने घेतली तर हे सहज जमतं. बसने जाणार असाल तर आर्गोसमार्गे जाणारी बस पकडा, तिरिन्सला उतरायचंय असं चालकाला चढतानाच सांगा आणि परतीच्या बसची वेळ नाफ्प्लिओच्या स्थानकावरच लिहून घ्या. तिरिन्सच्या थांब्यावर विचारायला कोणी नसतं. एपिडाव्रोसचं प्राचीन नाट्यगृह पूर्वेला वेगळ्या रस्त्यावर आहे, ते याच दिवशी कोंबू नका.